घशाशी दोन बोटं

सिटी चौकाच्या मागच्या त्या गल्लीत शिरलं की नाकाच्या आधी घशाला कळतं. ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी, कंकोळ, कुठल्यातरी उघड्या पोत्यातला धूप, आणि या सगळ्यावर जुन्या लाकडी खणांची धूळ. खण सागाचे आहेत. मला लाकूड कळतं. पडेगावच्या रस्त्याला माझी जुन्या दारा-खिडक्यांची वखार आहे. पडलेल्या घरांचं सागवान घ्यायचं आणि उभ्या राहणाऱ्या घरांना विकायचं, हा धंदा मी एकटीनं उभा केला. गिऱ्हाईक दारावर हात ठेवून किती वेळ गप्प राहतं, त्यावरून मी भाव सांगते. पण त्या दिवशी काष्ठौषधीच्या दुकानाच्या पायरीवर मीच गप्प उभी होते.

"क्या होना अम्मा?" गल्ल्यावरच्या चाचांनी विचारलं. आमची ओळख जुनी.

"मुलेठी. ज्येष्ठमधाची काडी बघून द्या चाचा. मागच्या वेळी नुस्ता भुसा दिला होता."

"तुमकू आजतक कौनसी चीज पसंद आई?" चाचा हसले. "तुम गल्ली में दिखे तो अब्बा दुकान का परदा गिरा देते थे. मैं शरीफ आदमी, बैठा रहता."

एरवी मी यावर चांगलं सुनावलं असतं. पण घसा धरला होता. वखारीतली धूळ आणि दवाखान्यातली भांडणं, दोन्ही तिथंच जाऊन बसली होती.

"किसके वास्ते होना?"

"माझी मोठीमाय है. उनका गला सूखता. पन गिळता येत नाही, नाक में नली डाले."

चाचांचा हात तराजूवरच थांबला. "निगलना नहीं, तो मुलेठी का क्या करना अम्मा?"

मी पुडी घेतली, मागितले तेवढे पैसे दिले आणि पायरी उतरले. मागून चाचांचा आवाज आला, "भाव नहीं किए आज? तबीयत तो ठीक है ना?"

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर मी तिच्याकडेच वाढले, लासूर स्टेशनला. रुळांच्या पलीकडे, मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून पत्र्याचं घर. भिंतीच्या त्या बाजूनं कांद्याचा, मिरचीचा, ओल्या गोणपाटाचा वास यायचा आणि या बाजूला मोठीमायच्या चुलीवर सतत काहीतरी घशाचं उकळत असायचं.

बोरं-चिंचांच्या दिवसांत आम्हा पोरांचे घसे धरायचे. मग बाभळीची साल उकळायची. ते पाणी विटकरी रंगाचं असायचं आणि तोंडात घेतलं की जीभ चामड्यासारखी आखडायची. मोरीवर आम्ही सगळी माना वर करून गुळण्या करायचो. प्रत्येकाच्या गुळणीचा सूर वेगळा. कुणी बेडकासारखा, कुणी दळणाच्या गिरणीसारखा. हसू आलं की पाणी नाकात जायचं, आणि मोठीमाय चुलीपाशी बसूनच ओरडायची, "दात नका काढू, घसे काढा!" अडुळशाची पानं तव्यावर टाकली की आधी चरचरायची, मग काळपट हिरवा घाम सोडायची. ती पिळून, मध घालून एक बोट चाटायला मिळायचं. कडू इतकं, की मध चोरल्याचा राग यावा. लवंग दिव्याच्या ज्योतीवर धरली की फट् करून फुगायची. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून गळ्याला लावायची. पण आधी मोठीमाय ती स्वतःच्या गळ्याला लावून बघायची. तिच्या गळ्यावर कानाखाली एक तांबूस डाग कायमचा राहिला होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बायकांना तिथं तसा डाग असतो.

आणि कांद्याचे दिवस आले की चुलीच्या राखेत कांदा पुरलेला असायचा. वरची सालं कोळसा व्हायची, आतला गर पाकात मुरल्यासारखा मऊ. तो गुळात कालवून गरम गरम गिळायचा. आजही कुठं शेकोटीत कांदा भाजल्याचा वास आला की माझा घसा आपोआप हलतो.

पण हे सगळं साध्या घशांसाठी. मोठीमाय ओळखली जायची ती हातासाठी. तिला पडजीभ उचलायचा हात होता. घशाच्या टोकाशी ती जी लोंबती जीभ असते, ती सुजून खाली आली की गिळवत नाही, सारखा खोकला येतो, रात्रभर टोचत राहतं. मग आमच्याकडे यायचं. पहाटे, तोंड न धुता, मुक्यानं. घरातून निघाल्यापासून एक अक्षर बोलायचं नाही. वाटेत कुणी हाक मारली तरी नाही. दारात येऊन उभं राहायचं आणि दोन बोटं घशाला लावायची. एवढं पुरे. मोठीमायसुद्धा बोलायची नाही. हात धुवायची, तुरटीची लाही, हळद आणि मध कालवलेल्या वाटीत मधलं बोट बुडवायची. मी कंदील उचलायची. माणूस आ करायचा, आणि त्याला काही कळायच्या आत तिचं बोट आत जाऊन बाहेर आलेलं असायचं. डोळ्यांत पाणी, दारातल्या शेवग्याच्या बुंध्याशी थुंकणं, आणि मागं न बघता निघून जाणं.

त्या पहाटेचा आवाज मला सांगता येत नाही, कारण आवाज नव्हताच. रुळांवर मालगाडीचे डबे एकमेकांना टेकायचे तेवढाच. मी कंदील धरायची म्हणून गावातली निम्मी माणसं मी घशावरनं ओळखत होते. तालेवार बागायतदाराचा घसा लहान आणि घाबरट, धुणं धुणाऱ्या बाईचा लालबुंद आणि ऐसपैस. यार्डातले हर्रास पुकारणारे तर हमखास यायचे. दिवसभर कांद्याच्या ढिगाशी उभं राहून भाव पुकारायचा, चढवायचा, तोडायचा. संध्याकाळपर्यंत घशाची चाळण. आदल्या दिवशी ज्याच्या आवाजानं यार्ड हादरायचं, तो पहाटे आमच्या दारात मुका उभा. मग दिवसा मी भिंतीवर बसून त्यांची हर्रास ऐकायची. कुठं थांबायचं, कुठं तोंड फिरवून निघून गेल्यासारखं करायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. मोठीमायकडून जे शिकायचं होतं ते राहून गेलं.

राहून गेलं म्हणते, पण तसं नाही. ते मला दिलं नाही.

हात एकीलाच देता येतो आणि दिला की देणारीचा जातो, अशी रीत. मला खात्री होती की तो माझाच आहे. इतकी वर्षं कंदील मी धरला, लाही मी फोडली, वाटी मी घासली. मग वहिनी आल्या, मोठीमायची सून, वैजापूरच्या. गोड बोलायच्या, मान खाली घालून चालायच्या, आणि कुणी आ केला की तोंडाला पदर लावून आत पळायच्या. पुढच्या ग्रहणात मोठीमायनं हात दिला तो त्यांना.

घेणारीनं पहिलं बोट देणारीच्याच घशात घालायचं असतं. ग्रहण लागलं, मोठीमायनं अंगावरून पाणी घेतलं, ओलेत्यानं पाटावर बसली आणि आ केला. कंदील मला धरायला सांगितला. मी धरला. अख्ख्या गावाचे घसे बघितलेली मी, मोठीमायचा घसा तेव्हा पहिल्यांदा बघितला. सुपारीनं रंगलेला, आत कुठंतरी अंधारात वळलेला. वहिनींचं बोट आत गेलं आणि उमासा आला तो वहिनींनाच.

संध्याकाळी मोठीमाय सुपात ज्वारी घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मला का नाय?"

"तुझा हात घेनारा हाय, पोरी," ती मान वर न करता म्हणाली. "ह्यात घ्यायचं नसतं."

"मी कुनाचं काय घेतलं?"

"आजून नाय घेतलं."

"आन् वहिनीचा देनारा व्हय? तिला किळस येती लोकांची."

"येऊ दे."

तिनं खडा वेचून बाजूला टाकला. बोलणं संपलं. तो निकाल मी आजतागायत मान्य केलेला नाही. रीत काय ती मला ठाऊक होती. बदल्यात कुणी कोथिंबिरीची जुडी आणली तरी मोठीमाय परत पाठवायची, हे मी रोज बघत होते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचा हात घेणारा की देणारा, हे बघायचं तरी कशावरून? आणि ज्यांना दिला त्यांनी त्याचं काय केलं? लोक पहाटे यायचे, घशाला बोटं लावून दारात उभे राहायचे, आणि वहिनी आतनंच सांगायच्या, "दवाखान्यात जावा बाई. आता कुठं असलं करत्यात का!" मुक्यानं आलेल्या माणसाशी पहाटे पहाटे त्या मोठ्यानं बोलायच्या, यानंच माझ्या अंगाची लाही व्हायची. मोठीमाय ऐकत पडून राहायची. तिच्याकडे हात राहिला नव्हता. हळूहळू लोक यायचे बंद झाले. वाटीत हळदीची पिवळी कड राहिली, मग कुणीतरी त्या वाटीत मांजराला दूध घातलं.

मी शहरात, संभाजीनगरला आले. घेणाऱ्या हातानं घेत गेले. घराचं दार उतरवताना घरमालक रडतो, तेव्हा भाव करायचा नसतो, असं लोक म्हणतात. मी तेव्हाच करते. पडेगावला दोन खोल्या बांधल्या, त्यांना चांगली कोरीव दारं लावली, आणि प्रत्येक दाराच्या वेळी मनात मोठीमायला म्हटलं, बघ.

ती बघायला आली ती झोळीतून. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. लासूरला तिची सोय होईना, म्हणून दवाखान्यातून मी तिला माझ्याकडेच आणलं. खिडकीपाशी खाट लावली. तिथून दौलताबादच्या रस्त्याच्या गाड्या दिसतात, त्या ती बघायची की नुसती त्या बाजूला तोंड करून असायची, कळायचं नाही. नाकातल्या नळीतून पातळ पेज, पातळ डाळ, औषध. घरी आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वखारीवरून येऊन तिच्याशी बोलत होते. तिनं डावा हात उचलला. दोन बोटं घशाला लावली.

अख्ख्या संभाजीनगरात ही खूण ओळखणारी मी एकटी होते.

मी तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, समजूतदार. माझ्यासारख्या बाया त्यांना रोज भेटत असतील.

"घसा सुकलाय तिचा. टोचतंय. ती सांगतेय मला. एक चमचा ज्येष्ठमधाचं पाणी देऊ का?"

"तोंडातून काहीही नाही, मावशी."

"अर्धा चमचा."

"साधं पाणीसुद्धा नाही. गिळायची ताकद गेलीये. ते पोटात जाणार नाही, छातीत जाईल."

"मग मधाचं नुसतं बोट. चाटवते. माझ्यासमोर, बसवून."

"मावशी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "यात मधलं काही नसतं हो. ओल्या कापसानं ओठ पुसा, तोंड आतून ओलं करा. तेवढंच."

मी ओरडले. बाहेर बसलेले लोक उठून दारात आले इतकं ओरडले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आणि मी थांबल्यावर तेच परत सांगितलं, त्याच आवाजात. 'नाही' हा पहिला भाव असतो, असं मी आयुष्यभर धरून चालले. त्याच्या खाली उतरायची पायरी कुठंतरी असतेच. इथं ती नव्हती. मी उठून जायला निघाल्यासारखं केलं, दारापर्यंत गेले. कुणी मागं बोलावलं नाही.

घरी आले तर परत दोन बोटं. कापूस भिजवून ओठांवर फिरवला. तिनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी सिटी चौकातून ज्येष्ठमध आणला. शेजारच्या कुंपणाची अडुळशाची पानं तोडली. बाभळीची साल तर माझ्या वखारीमागंच होती. साल वेगळी उकळली, बाकीचं मिरी टाकून. ओवा शेकून पुरचुंडी केली, आधी माझ्या गळ्याला लावून बघितली, मग तिच्या. त्या तांबूस डागावर ठेवली तेव्हा तिनं डोळे मिटले. मला वाटलं, उतार पडला. पुरचुंडी काढली, "बरं वाटलं का गं?" विचारलं, आणि तिची दोन बोटं परत घशाशी. घरभर लासूरचा वास भरला होता आणि जिच्यासाठी तो भरला होता, तिला त्यातला एक थेंब देता येत नव्हता.

वहिनी आल्या त्या सकाळच्या एसटीनं. दारातच मी त्यांना धरलं.

"वहिनी, हात तुमच्याकडं आहे. घाला बोट."

"वन्स, याड लागलं का तुम्हाला? नळी हाय तिच्या घशात."

"मग दिला कशाला होता तो हात? पूजायला? ती मागतीय, तुम्हाला दिसत नाय का?"

"हळू बोला, ती ऐकतीय."

"ऐकू दे! तिलाच सांगतीय मी!" मी ओरडले, आणि मधेच आवाज फुटला. पुढचे शब्द नुसत्या वाऱ्यासारखे बाहेर आले.

खाटेवर मोठीमायचा डावा हात वर गेला. दोन बोटं.

"बघा," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "बघा, परत."

वहिनींनी बघितलं. खाटेच्या कडेला बसून बराच वेळ बघितलं. मग मी चुलीवरचं भांडं उतरवायला आत गेले, बाहेर आले, काहीतरी बोलले, तेव्हाही त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"वन्स, रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत होता तवर तिनं हात उचलला नाय. तुम्ही बोलला की उचलती."

"म्हणजे?"

"बोटं सोताच्या गळ्याला लावती, पन नजर कुठं हाय बघा की. तुमच्या गळ्याकडं बघती ती. तुमचा आवाज बसलाय, वन्स. फुटका पत्रा वाजल्यावानी झालाय. तिला तेच दिसतंय."

मला राग आला. खरं सांगते, पहिला राग आला तो याचा, की हे वहिनींना कळावं. जिला हात दिला तिलाच. मी काहीतरी लागेल असं बोलणार होते, पण आवाज निघेना. तोंड उघडून नुसती उभी राहिले, आणि मोठीमायनं बोटं घशावर दाबली. इतकी, की तिथली कातडी पांढरी पडली.

वहिनींनी भांड्यातला काढा ग्लासात गाळला. फुंकर घातली आणि माझ्या हातात दिला. "बसा. तिच्या म्होरं बसून प्या."

मी खाटेशी स्टूल ओढला. पहिला घोट घेतला. ज्येष्ठमधाचा लाकडी गोडवा आधी, मग अडुळशाचा कडूपणा, मग मिऱ्याची ऊब. मोठीमायची बोटं घशावरून सुटली. हात सावकाश गोधडीवर आला. मी दुसरा घोट घेतला, आणि तिचा घसा हलला. नळीसकट. मी गिळलं तसं तिनंही गिळलं, काही नसलेलं. तिसरा घोट. परत हलला. मी थांबले. हे मी काय करतेय, हिच्या कोरड्या तोंडासमोर? थांबले तसा तिचा हात गोधडीवरून उचलायला लागला.

"थांबू नका," वहिनी मागून म्हणाल्या.

मग मी थांबले नाही. मी घोट घेत होते आणि ती माझ्याबरोबर गिळत होती. बाहेर रस्त्यावर ट्रक गेला, खिडकीच्या काचा वाजल्या, तिनं तिकडं बघितलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुण येत होता. घसा मोकळा होत होता. माझा.

ग्लास संपला. तळाला अडुळशाचा चोथा राहिला. तिची नजर तशीच माझ्या गळ्यावर होती, आणि घसा पुढच्या घोटाची वाट बघत अर्धवट उचललेला. वहिनी दुसरा ग्लास गाळायला आत गेल्या. तेवढ्या वेळात काय करावं ते मला कळेना. मी रिकामा ग्लास तोंडाला लावला आणि गिळलं.